तुला काय करायचंय?

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

मी कविता लिहिणारा माणूस. डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही, शिक्षकही नाही. शिक्षण बी.ए.पर्यंत, विषय मराठी. मग अपंग मुलांच्या उपचारांवर हा काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण गेली सहा वर्षं, आठवड्यातून दोन दिवस, मी एका उपचार केंद्राच्या बाकावर बसतो आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. बहीण शिवणकाम करते. मेहुणे मिरजेत सतारी-तंबोरे बनवणाऱ्या एका दुकानात कामाला आहेत. दोघांचाही रोज बुडतो, म्हणून भाच्याला घेऊन जायचं काम मामूकडे आलं. बाकावर बसून कवी दुसरं काय करणार? तो शब्द ऐकतो. आज त्या शब्दांपासूनच सुरुवात करतो.

केंद्रात दिवसभर कानावर पडणारी वाक्यं अशी असतात. ‘याला उभं केलं का आज?’ ‘घरी किती वेळ बसवता?’ ‘पाच मिनिटं चालवा.’ ‘व्यायाम नीट करून घ्या हं.’ ही वाक्यं कुणी वाईट हेतूनं बोलत नाही. उलट फार प्रेमानं, फार काळजीनं बोलतात. पण व्याकरणात या क्रियापदांना प्रयोजक क्रियापदं म्हणतात. क्रिया एकाच्या अंगात घडते आणि ती घडवून आणणारा दुसराच कुणी असतो. चालतं मूल, चालवते आई. त्या दालनात मुलाच्या वाट्याला स्वतःचं असं क्रियापद क्वचितच येतं.

मराठीची गंमत अशी, की प्रयोजक क्रियापदाचं एक सख्खं भावंड आहे. त्याला शक्य क्रियापद म्हणतात. एखादी गोष्ट आपल्याला जमते, शरीराला झेपते, हे ते सांगतं. ‘आई त्याला चालवते’ हे प्रयोजक. ‘त्याला आता चालवते’ हे शक्य. रूप अक्षरशः तेच. वाक्यातून ‘आई’ हा एक शब्द बाजूला झाला, की चालणं मुलाचं होतं. बी.ए.ला असताना हा भाग मी चार मार्कांसाठी पाठ केला होता. त्याचा अर्थ पुष्कळ वर्षांनी त्या बाकावर बसून कळला.

आता आजाराविषयी थोडं, म्हणजे पुढचं नीट लागेल. जन्माच्या आधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा होते आणि स्नायूंवरचा ताबा बिघडतो, ती सेरेब्रल पाल्सी. लहान मुलांच्या हालचालींमध्ये जे अपंगत्व दिसतं, त्यात हिचा वाटा सर्वांत मोठा. मेंदूतली इजा पुढे वाढत जात नाही, पण ती पुसूनही टाकता येत नाही. म्हणजे गोळ्यांचा कोर्स संपला आणि मूल बरं झालं, असं होत नाही. वर्षानुवर्षं उपचार चालतात. ज्या मुलाच्या अंगावर दहा-पंधरा वर्षं कुणाचे तरी हात काम करत राहणार, त्याला एकदाही विचारायचं नाही की बाबा रे, हे सगळं तुला कशासाठी हवंय? माझा आजचा विषय एवढाच आहे.

आमच्या घरचंच सांगतो. भाचा नऊ वर्षांचा होता, वॉकर घेऊन चालत होता. त्याच्या उपचारांतून काय साधायचं याबद्दल तीन मोठ्या माणसांची तीन मतं होती. बहिणीचं म्हणणं, पोरगं वॉकर टाकून चाललं पाहिजे. मेहुण्यांचं म्हणणं, पायाचं अल्लाच्या मर्जीनं होईल ते होईल, पण बोटं सुधारली पाहिजेत. तंबोऱ्याला तारा चढवायला बोटं लागतात, आणि बापाला मुलाच्या पोटापाण्याची काळजी असतेच. केंद्रातल्या थेरपिस्ट ताईंच्या कागदावर लिहिलेलं होतं, ‘उजवी टाच जमिनीला टेकणे’. तिघंही आपापल्या जागी बरोबर होते. चौथं माणूस मात्र गप्प होतं आणि व्यायामाच्या वेळी पोट दुखतंय म्हणून सांगत होतं.

गेल्या वर्षी जूनमध्ये त्या केंद्रात एक नवीन ताई आल्या. वयानं तिशीच्या आतल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी भाच्याला विचारलं, ‘तुला काय करायचंय रे?’ त्यानं आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग म्हणाला, ‘चालायचंय.’ उत्तर असं धडाधड आलं, की पाढाच म्हणतोय असं वाटावं. ताई हसल्या आणि त्यांनी कागदावर काहीच लिहिलं नाही. पुढच्या खेपेला मी एकटाच त्याला घेऊन गेलो होतो. त्या म्हणाल्या, ‘मामा, घरी तुम्ही कोणत्या भाषेत बोलता?’ आम्ही घरी दखनी बोलतो. ‘मग तुम्हीच विचारा त्याला. काय हवंय असं विचारू नका. काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय झालं, एवढंच सांगायला लावा.’

त्यानं सांगायला सुरुवात केली. उठलो, दात घासले, अम्मीनं कपडे घातले, चहा-खारी खाल्ली, रिक्षा आली. इथं तो थांबला. वॉकरच्या दांडीवरचं रबर नखानं उकरत बसला. मग खाली मान घालून म्हणाला, ‘स्कूल के सामने मेरेकू उठाको उतारते ना, वो नक्को.’

शाळेच्या फाटकाशी रिक्षा थांबते. कधी आई, कधी रिक्षावाले काका त्याला काखेत धरून उचलतात आणि वॉकरपाशी उभं करतात. चौथीतला मुलगा, आणि सगळी शाळा फाटकातून आत जात असते. ते त्याला नको होतं. वॉकर टाकून चालणं, बोटं, टाच हे काहीच त्याच्या मनात पहिलं नव्हतं. मला कुणी उचलू नका, मी उतरेन, एवढंच.

इथं माझ्यातला भाषेचा माणूस थोडा रेंगाळणार आहे, माफ करा. ‘तुझं उद्दिष्ट काय?’ असं नऊ वर्षांच्या मुलाला विचारणं म्हणजे त्याला पंचवार्षिक योजना विचारण्यासारखं आहे. उद्दिष्ट, ध्येय हे शब्द भाषणातले आणि फळ्यावरच्या सुविचारांतले. ‘तुला काय हवंय?’ असं विचारलं तर त्याला वाटतं, बाजारात काही घेऊन देणार आहेत. आणि दवाखान्यात विचारलेल्या प्रश्नाला एक बरोबर उत्तर असतं, ते मोठ्यांना ठाऊक असतं, आपण ते ओळखायचं असतं, हे ही मुलं फार लवकर शिकतात. म्हणून ‘कालचा दिवस सांग’ ही युक्ती. दिवस सांगताना मूल जिथं अडखळतं, जिथं पटकन पुढे पळतं, तिथं काहीतरी असतं.

ही युक्ती त्या ताईंच्या पदरची नव्हती, हे त्यांनीच मला सांगितलं. त्यांचं शास्त्र ऑक्युपेशनल थेरपीचं. मराठीत याला व्यवसायोपचार असा शब्द केला आहे, आणि तो काही फार बरा नाही. पाटी वाचून एका खेड्यातल्या आजीनं मला विचारलं होतं, ‘एवढ्याशा लेकराला कसला धंदा शिकवत्यात?’ इथं व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. माणूस दिवसभरात जे जे करतो, अंघोळ, जेवण, खेळ, शाळा, ते सगळं. आपल्याकडे या शास्त्राचं पहिलं शिक्षण १९५० साली मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झालं, ते कमलाबाई निंबकरांमुळे. जन्मानं अमेरिकन, लग्नानं मराठी झालेली ही बाई. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. शाळेचं नाव पुष्कळांना माहीत असतं, त्यांचं हे काम कमी जणांना.

तर या शास्त्रात एक मोजमाप आहे. कॅनडात तयार झालेलं, १९९१ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेलं. कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर असं त्याचं लांबलचक नाव. त्यात रोजच्या जगण्यातली अडचण ज्याची त्यानं सांगायची असते, तपासणाऱ्यानं नव्हे. ती गोष्ट आपल्याला किती महत्त्वाची वाटते, आज कितपत जमते आणि जेवढी जमते त्यावर आपण कितपत समाधानी आहोत, या तिन्हींना दहापैकी मार्क द्यायचे, तेही ज्याचे त्यानं. काही आठवड्यांनी पुन्हा मार्क द्यायचे. दोन मार्कांचा फरक पडला तर तो खरा फरक मानतात. जमण्याचे मार्क वेगळे आणि समाधानाचे वेगळे, ही यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. कवीला हे पटकन पटतं. चांगली वठलेली कविता आणि समाधान देणारी कविता एकच असते असं थोडंच आहे?

ताईंनी मार्कांसाठी गोट्या वापरल्या. दहा गोट्या आणि एक वाटी. ‘रिक्षातून स्वतः उतरायला किती जमतं?’ भाच्यानं वाटीत दोन टाकल्या. ‘आणि तुला कसं वाटतं?’ एक गोटी टाकली, मग तीही काढून घेतली. मोजमापात शून्य नाही, म्हणून ताईंनी समजूत घालून ती परत टाकायला लावली.

मग काम सुरू झालं. रिक्षातून उतरणं ही आपल्याला एक क्रिया वाटते. ताईंनी मोजल्या तर त्या सात निघाल्या. दप्तर काढून बाजूला ठेवायचं. ड्रायव्हरच्या मागची दांडी धरायची. बुड सीटच्या कडेला सरकवायचं. अंग वळवायचं. बरा पाय आधी खाली. मग ताठर पाय. मग एक हात दांडीवरून वॉकरवर. केंद्रात रिक्षा कुठून आणणार? त्यांनी आमच्या रिक्षावाल्या काकांनाच आवारात बोलावलं. बाकीच्या मुलांना ही जत्राच झाली. बाई आपली पांढरा कोट घालून रिक्षात चढतात-उतरतात आणि पोरगं त्यांच्याकडे पाहतंय.

नंतर असं लक्षात आलं, की अर्धी अडचण पायात नव्हतीच, रस्त्यात होती. फाटकाशी रस्ता खोल होता, त्यामुळे उतार जास्त पडायचा. काकांनी चार हात पुढे, शाळेच्या पायरीला लागून रिक्षा उभी करायला सुरुवात केली, तशी उंची निम्म्यानं कमी झाली. वॉकर मागून काढून आधी समोर ठेवायचा, मग मुलानं हलायचं, असा क्रम ठरला. त्याला एक पैशाचा खर्च आला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ साली अपंगत्वाकडे पाहण्याची जी चौकट मांडली, तिच्यात हेच आहे. शरीरातला दोष, माणसाची कृती, समाजातला त्याचा सहभाग आणि भोवतालची परिस्थिती हे सगळं एकत्र धरायचं. वाचताना ते जड जातं. पायरीला लागून उभी असलेली रिक्षा पाहिली, की लगेच कळतं.

आणि टाचेचं काय झालं? टाच राहिलीच नाही, उलट पुढे आली. खाली पाय टाकताना टाच टेकली नाही तर तोल जातो, हे त्याला स्वतःच्या अंगावरून समजलं. रात्री स्प्लिंट बांधायला रडणारा मुलगा एकदा आपणहून स्प्लिंट घेऊन आला आणि म्हणाला, ‘अम्मी, ये घट बांध.’ मी हे भावुक होऊन सांगत नाही. तो रोज तसं करतो असंही नाही. सांगायचं ते एवढंच, की ताईंचं उद्दिष्ट त्याच्या उद्दिष्टाच्या पोटात आलं. उलट्या बाजूनं ते कधी येत नव्हतं.

याला शास्त्राचा आधार आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या हालचाली सुधारण्यासाठी काय करावं याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०२२ साली प्रसिद्ध झाली. त्यात आरंभीच जे सांगितलं आहे, त्याचा भावार्थ असा. उद्दिष्ट ज्याचं त्यानं निवडावं, सराव त्या पूर्ण कामाचा व्हावा, आणि तो खऱ्या जगण्यातल्या जागी व्हावा. कोऱ्या चटईवर पाय वरखाली करून घेण्यापेक्षा रिक्षातून उतरायला शिकायचं असेल तर रिक्षातून उतरावं. आपल्या आजीबाईंना हे कुणी सांगायची गरज पडली नसती. पोहायला शिकायचं तर विहिरीतच ढकलायच्या त्या.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, मुलांना काय कळतं? आज हे म्हणतील, उद्या ते. कॅनडातल्याच तज्ज्ञांनी पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी चित्रांच्या जोड्या केल्या. एका चित्रात मूल बुटाची नाडी सहज बांधतंय, दुसऱ्यात तेच मूल अडखळतंय. यातलं तुझ्यासारखं कोण, असं विचारायचं. मग न जमणाऱ्यांपैकी कोणतं शिकायला आवडेल ते निवडायला सांगायचं. अपंग मुलांना असं विचारून पाहिलं तेव्हा त्यांनी नीट निवड केली, आणि पंधरवड्यानं पुन्हा विचारल्यावरही बहुतेकांची निवड फारशी बदलली नाही. आईवडिलांनी केलेली निवड मात्र पुष्कळदा वेगळी होती. मुलं स्वतःला आईवडिलांपेक्षा जास्त मार्क देत होती, हेही त्यात दिसलं. ते मला फार बरं वाटलं. स्वतःबद्दल थोडं जास्त वाटल्याशिवाय माणूस नवीन काही करायला धजत नाही.

माझा बाकावरचा अनुभवही तसाच आहे. मुलं आईस्क्रीम मागत नाहीत. एका बारा-तेरा वर्षांच्या मुलीचं मागणं होतं, शाळेतल्या संडासाची कडी आतून लावता यायला हवी. तिची हुशार आई थक्क झाली होती, कारण तिच्या यादीत अक्षर सुधारणं पहिलं होतं. डाऊन सिंड्रोम असलेल्या एका मुलाला दूध आणायला एकट्यानं जायचं होतं, आणि सुटे पैसे स्वतः मोजून घ्यायचे होते. यात हट्ट कुठं दिसतो?

कधी मागणं आवाक्याबाहेरचंही असतं. एकानं ठणकावून सांगितलं, ‘मला विराट कोहलीसारखं खेळायचंय.’ चाकाच्या खुर्चीतला मुलगा. अशा वेळी आपण मोठी माणसं एक चलाखी करतो. मुलाला स्कोअर लिहायला बसवतो. गल्लीगल्लीत अपंग मुलं स्कोअर लिहिताहेत, आणि आपण त्यांना खेळात घेतलं म्हणून खूश! ताईंनी त्याला नाही म्हटलं नाही आणि वही-पेन्सिलही दिली नाही. त्यातलं नेमकं काय आवडतं, असं विचारत राहिल्या. निघालं ते असं, की त्याला कुणाला तरी आऊट करायचं होतं. ‘आऊट!’ असं ओरडायचं होतं. खुर्चीचे ब्रेक लावून, पट्टा बांधून, बसल्या जागेवरून टेनिसचा चेंडू टाकायला तो शिकतो आहे. टप्पा अजून भलतीकडेच पडतो. विकेट बाकी आहे.

बोलूच न शकणाऱ्या मुलांचं काय, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर बाकावर शेजारीच बसलेलं असायचं. एक मुलगी, वाचा नाही, हातही हवा तसा हलत नाही. वर पाहिलं की हो, डोळे मिटले की नाही. तिच्या आईनं मोबाइलवर घरातल्या गोष्टींचे फोटो काढून आणले होते. ताट, कंगवा, टीव्हीचा रिमोट, अंगणातला झोपाळा. एकेक फोटो दाखवायचा आणि आवडतं, नाही आवडत, सांगता येत नाही अशा तीन रकान्यांत ठेवत जायचं. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात १९९०च्या दशकात या पद्धतीला आकार आला, ‘टॉकिंग मॅट्स’ म्हणून ती ओळखली जाते. त्या मुलीच्या नाही आवडत या रकान्यात ताट गेलं. पुढे अर्धा तास एकेक प्रश्न विचारत गेल्यावर उलगडलं, की जेवण आवडतं, पाहुण्यांसमोर भरवलेलं आवडत नाही. अर्धा तास! पण त्याआधीची अकरा वर्षं कुणालाच ते माहीत नव्हतं.

मुंबईच्या मालिनी छिब यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. मालिनीबाईंनी एका बोटानं टंकून आपलं आत्मचरित्र लिहिलं, आणि पुस्तकाचं नावही त्या बोटावरूनच ठेवलं. आणि आमच्या भागातलं म्हणाल, तर कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक. ऐन उमेदीच्या वयात कमरेखालचं अंग गेलं. १९८४ साली त्यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ मराठीत आहे, ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. संस्था चालवणाऱ्या माणसाला आपण कधी ‘चालवायला’ निघत नाही. मग लहानपणीच तेवढं का निघतो?

कायदाही हेच म्हणतो. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करारनामा १९८९चा, भारतानं तो १९९२ साली स्वीकारला. आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा मुलाचा हक्क त्याच्या बाराव्या कलमात आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करारनामा २००६चा, त्याला भारतानं २००७ साली मान्यता दिली. आणि आपल्या २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या चौथ्या कलमात साफ लिहिलं आहे, की अपंग मुलांना त्यांच्याशी संबंधित सर्व बाबींत मोकळेपणानं मत मांडण्याचा समान हक्क असेल, आणि वय व अपंगत्व पाहून त्यासाठी लागणारी मदत सरकारनं आणि स्थानिक संस्थांनी द्यायची आहे. ‘मदत’ हा शब्द महत्त्वाचा. नुसतं ‘बोल’ म्हणून भागत नाही. फोटो, खुणा, घरची भाषा, थांबायची तयारी, हे सगळं त्या मदतीत येतं. सरकारी दवाखान्यात रांग लागलेली असते, एस.टी. चुकेल म्हणून आया घड्याळाकडे पाहत असतात, तिथं अर्धा तास कुठून आणायचा, हा प्रश्न खराच आहे. मी ताईंना तो विचारला. त्या म्हणाल्या, ‘मामा, पहिल्या दिवशी अर्धा तास जातो. नाही घालवला तर पुढे रोज दहा मिनिटं पोट दुखण्यात जातात.’

सगळंच मुलावर सोडायचं का? तसं मला म्हणायचं नाही. फिट्सची औषधं, खुबा सरकतोय का हे पाहायला काढायचा एक्स-रे, ताठरपणा वाढू नये म्हणून लावायची स्प्लिंट, या गोष्टी मतदानाला टाकायच्या नसतात. पण तिथंही विचारण्यासारखं पुष्कळ असतं. आधी कुठला पाय? जेवणाआधी की नंतर? दुखायला लागलं तर थांबायची खूण कोणती? आमच्या भाच्यानं हात वर करायचा आणि ताईंनी थांबायचं, असं ठरलं. पहिल्या आठवड्यात त्यानं उगाचच बऱ्याच वेळा हात वर केला. खरंच थांबतात का, ते पाहत होता. थांबतात असं दिसल्यावर हात वर होणं कमी झालं.

या सगळ्यात बहिणीचं काय झालं, ते सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. भाच्याचं वाक्य मी घरी सांगितलं, तेव्हा तिच्या हातात शिवायला घेतलेला ब्लाऊज होता. तिनं सुई थांबवली. म्हणाली, ‘भाई, नौ बरस मैंच उठाई ना उसकू.’ पुढं बोलली नाही. ज्या हातांनी त्याला ताप असताना, पावसात, जिना चढताना उचललं, ते हात आता त्याला लोकांसमोर नको झाले होते. माया म्हणून जे केलं, त्याचं ओझं त्याच्या खांद्यावर पडत होतं. मुलाचं ऐकायचं म्हणजे कधी कधी असंही ऐकावं लागतं. पुस्तकांत पालकांचा सहभाग असा एक सुबक शब्द असतो, त्यात ही सुई थांबणं येत नाही. दोन दिवस ती त्याच्याशी तुटक वागली. तिसऱ्या दिवशी तिनंच रिक्षावाल्या काकांना सांगितलं, उद्यापासून हात लावायचा नाही, पडला तर मी आहे. तिची कंबर दोन वर्षांपासून धरली होती, मुलगा पंचवीस किलोचा झाला होता, हेही इथं नोंदवतो. मायेला वजनकाटा नसतो, कमरेला असतो.

ताईंनी मग सगळ्यांची उद्दिष्टं एकाच कागदावर लिहिली. सर्वांत वर भाच्याचं, त्याच्याच शब्दांत, दखनीत, देवनागरी अक्षरांत. खाली अम्मीचं, अब्बूंचं, ताईंचं. कागदाची एक प्रत त्याच्या दप्तरात. ऑगस्टच्या शेवटी पुन्हा गोट्या निघाल्या. जमण्याला त्यानं पाच दिल्या, कारण वॉकर अजून काकांनाच काढून द्यावा लागतो. समाधानाला आठ. ताईंनी विचारलं, दोन का राखून ठेवल्यास? म्हणाला, ‘बारिश में अभी उठातेच ना.’ पावसात पायरी निसरडी होते, तेव्हा उचलावंच लागतं. मुलं मार्क देताना अशी चोख असतात.

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना दोन-तीन गोष्टी सांगतो. दवाखान्याच्या दारात विचारू नका, साध्या दिवशी, हातात काही काम असताना विचारा. भाजी निवडता निवडता मुलं जास्त बोलतात. विचारल्यावर थांबा. यातल्या काही मुलांना शब्द तोंडापर्यंत आणायला वेळ लागतो, आणि आपण घाईनं त्यांचं वाक्य पुरं करून टाकतो. आजी-आजोबांना, भावंडांना वेगळं विचारा, कारण भावंडांना पुष्कळ ठाऊक असतं. आणि पुढच्या वेळी थेरपिस्टकडे जाल तेव्हा मुलाचं वाक्य मुलाच्याच शब्दांत सांगा, त्याचं शुद्ध मराठी करू नका. मूल एका महिन्यात मत बदलेल. बदलू द्या, कागदावर खाडाखोड चालते.

आमच्याकडे ती झालीच. परीक्षा संपल्यावर ताईंनी भाच्याला विचारलं, आता पुढचं काय लिहू? तो बराच वेळ विचार करत होता. बहिणीला वाटलं, आता तरी वॉकरचं म्हणेल. तो म्हणाला, ‘छुट्टी.’ ताईंनी त्याच्याशी घासाघीस केली. रात्रीची स्प्लिंट चालू राहील, ती नऊची मालिका संपल्यावर बांधायची, महिन्यातून एकदा दाखवायला यायचं, बाकी सगळं बंद. मग त्यांनी पहिल्या ओळीवर काट मारली आणि तिथं लिहिलं, ‘छुट्टी, शाळा उघडेपर्यंत.’ खाली त्याची सही घेतली. सही काही वाचता येत नाही.